सॅम पळाला की मीही पळायचो

संपादिकाबाईंचा निरोप आला, 'सर, ड्रमवादकाच्या आयुष्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, हलकंफुलकं असू द्या.' मी हो म्हणून बसलो. आता लिहायला घेतलंय तर डोकं तापलेलं आहे, आणि ते का तापलंय हे सांगितल्याशिवाय एकही गंमत आठवायची नाही.

परवा धायरीतल्या माझ्या क्लासमध्ये एक पालक आले. आयटीतले, सज्जन, रविवारीसुद्धा गळ्यात कंपनीचा पट्टा. मुलीला ड्रम शिकवायचे होते. त्यांनी थोडा वेळ माझं शिकवणं पाहिलं आणि म्हणाले, "सर, एक विचारू? बेसिकली हे टाइमकीपिंगच आहे ना? मग फोनवर मेट्रोनोमचं ॲप आहे, फ्री आहे. ते लावून घरीच प्रॅक्टिस केली तर?"

"अवश्य करा," मी म्हटलं. "जेवायलाही घड्याळ बघून बसता येतं. भूक लागायची वाट कशाला बघायची?"

ते हसले, मुलीचं नाव घालून गेले. माझा राग मात्र जागच्या जागी आहे. कारण 'टाइमकीपिंगच आहे ना' हे वाक्य मी आधीही ऐकलंय, आणि त्यापायी माझा अर्ध्या आयुष्याचा दोस्त माझ्याशी बोलायचा बंद झाला होता.

तर मी मिलिंद वानखेडे. जॅझ ड्रमर. आमच्या सोसायटीत मला 'ढोलवाले काका' म्हणतात. ढोल वेगळा, ड्रमसेट वेगळा, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आता विसर्जनाची सुपारी घ्यायचीच काय ती बाकी आहे. पोटासाठी मी म्हणाल ते वाजवलं. ऑर्केस्ट्रा, लग्नं, चर्चमधला नाताळ, बालनाट्यं, एकदा तर मिक्सरच्या दुकानाचं उद्घाटन. तो दुकानदार मध्येच मिक्सर चालू करून गिऱ्हाइकांना दाखवायला लागला आणि मला म्हणाला, "तुम्ही थांबू नका हो, त्याच्याबरोबर वाजवा." वाजवलं! मिक्सरची लय चांगली होती. पुढे भेटलेल्या काही माणसांपेक्षा नक्कीच बरी.

मी खडकीचा. वडील अमरावतीकडून दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीचं बँडपथक असायचं. त्यात मी शाळकरी वयात गळ्यात साइड ड्रम अडकवला. शिकवायला मागच्या लायनीतले एक हवालदार होते, फौजी बँडमधून निवृत्त झालेले. ते मला ड्रमला हातच लावू द्यायचे नाहीत, उशीवर काड्या मारायला लावायचे. ड्रमवरून काडी आपोआप उसळते. उशीवरून नाही उसळत, मनगटाने उचलावी लागते. वडील कारखान्यातून आले की दारातूनच ओरडायचे, "काय बे, दिवसभर उशीच बडवून राह्यला? तिनं काय वाकडं केलं तुयं?"

मिरवणूक निघाली की हवालदार आमच्या बाजूने चालायचे आणि एकच गोष्ट ओरडायचे, "पाँव सुनो, पाँव!" मागून चालणाऱ्यांचे पाय ऐका. म्हातारी माणसं आहेत, कडेवर पोरं घेतलेल्या बाया आहेत, त्यांच्या पायांनी ठेका चालला पाहिजे. बँड पुढे आणि माणसं मागे राहिली तर ते बँडवाल्यांना फटकारायचे, माणसांना नाही. मला पुढे जे काही आलं ते यातूनच आलं.

बाहेरच्यांना वाटतं ड्रमर म्हणजे दणदणाट. जॅझमध्ये ड्रमरचं निम्मं काम न वाजवण्याचं असतं. उजव्या हाताला एक मोठी झांज असते, तिच्यावर काडीच्या टोकाने एक चाल अखंड चालू ठेवायची. डावा हात आणि दोन्ही पाय इतरांशी बोलायला मोकळे. कुणी गोष्ट सांगायला लागलं की आपण मध्ये मध्ये 'हं' म्हणतो ना, तसं. सुरुवात मात्र ड्रमरच करतो. काडीवर काडी मारून चार मोजतो, त्यावरून गाण्याचा वेग ठरतो. तेवढीच काय ती आमची हुकूमत, पुढची लय सगळ्यांच्या सामायिक मालकीची.

हे मी सॅमकडून शिकलो. सॅम म्हणजे सॅम्युएल गायकवाड. कॅम्पातला मराठी ख्रिश्चन, आजोबांपासून घरात चर्चचा ऑर्गन वाजवायची परंपरा. माझ्यापेक्षा थोडा मोठा. पियानोवर बसला की देवमाणूस, उठला की खवीस. पहिल्याच तालमीला मला म्हणाला, "वानखेडे, तुझी झांज फार बडबडते. तिला सांग, घरात मोठी माणसं आहेत." मला असा राग आला की काड्या घेऊन निघालोच होतो. मग त्याने डाव्या हाताने चार सूर वाजवले आणि मी मुकाट्याने परत येऊन बसलो. त्या दिवसापासून आम्ही एकत्र वाजवलं. मी मोजायच्या आधी विचारायचो, "किती वेगात घेऊ?" तो म्हणायचा, "हवं तसं मोज रे, मी येतो." एकदाही त्याने वेग मागून घेतला नाही.

पुढे पुढे आमचं त्रिकूट एका हॉटेलात रविवारी दुपारच्या जेवणाला वाजवायचं. सॅम पियानोवर, मी ड्रमवर, आणि ओंकार नावाचा इंजिनिअर पोरगा उभ्या बेसवर, म्हणजे माणसाएवढ्या तंतुवाद्यावर. लोक जेवायचे, पोरं केकच्या टेबलाभोवती पळायची, आमच्याकडे कुणी बघायचं नाही. पण आम्हाला हवं ते आम्ही हवं तसं वाजवायचो, आणि पुण्यात तशी दुसरी जागा आम्हाला मिळत नव्हती.

सॅमचा उजवा हात थरथरतोय हे आधी चहाच्या कपात दिसलं. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. कंपवात. त्या रोगाची एक खोड आहे, निदान सॅमच्या बाबतीत तरी होती. हात रिकामा असला की थरथरायचा, कामाला लावला की थांबायचा. त्यामुळे सॅमला वाटायचं, पियानोवर तरी आपण ठणठणीत आहोत. नव्हता. वाजवताना मध्येच तो पळायला लागायचा, म्हणजे त्याचा वेग वाढायचा, आणि आपण पळतोय हे त्याला कळायचं नाही. मग एखाद्या वळणावर हात अडकायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा ओंकार माझ्याकडे वाकून कुजबुजला, "काका, पियानो पळतोय."

"पळू दे. आपणही पळायचं."

मी काड्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. ब्रश स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या चपट्या ड्रमवर, गोल गोल फिरवला की सलग खसखस आवाज येतो, ठोका नेमका कुठे पडला ते ऐकणाऱ्याला कळत नाही. काडीचा ठोका म्हणजे फरशीवर पडलेला चमचा, अख्ख्या घराला ऐकू येतो. ब्रशमुळे मला इकडेतिकडे सरकायला जागा मिळाली. सॅम पळाला की मीही पळायचो, ओंकार माझ्याबरोबर. सॅम अडकला की मी तिथे एक छोटंसं वळण टाकायचो, जणू तसंच ठरलं होतं. हॉटेलात कुणाला कळलं नाही. सॅमलाही नाही.

सॅमच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, तेवढं माहीत होतं. त्या मला फोनवर म्हणाल्या, "भावजी, हा माणूस रविवारसाठी गोळ्या घेतो. नाहीतर फेकून देईल. तेवढा रविवार सांभाळा." मी सांभाळत होतो. सॅमला पियानोशिवाय काही येत नव्हतं आणि काही नकोही होतं. रविवार गेला की सॅम गेला, इतकं सरळ होतं ते.

आणि मग हॉटेलात नवा मॅनेजर आला. नाव कशाला घेऊ, असली माणसं पैशाला पासरी मिळतात. आला तो म्हणाला, "सर, तुमचा साउंड थोडा थिन आहे. आपण ट्रॅक ॲड करू. व्हायोलिन्स, ट्रम्पेट्स. तुम्ही त्याच्यावर वाजवायचं. एकदम रिच फील येईल."

ट्रॅक म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं संगीत. ते माणसासाठी थांबत नाही, म्हणून कुणीतरी एकाने त्याच्याबरोबर चालायचं आणि बाकीच्यांना ओढत न्यायचं. तो कुणीतरी म्हणजे ड्रमर. त्याच्या कानात एक बोंडूक खुपसतात, त्यात टक टक टक टक वाजत राहतं आणि ते फक्त त्यालाच ऐकू येतं. त्याला क्लिक म्हणतात. क्लिकशी माझं वैर नाही. जाहिरातींसाठी मी क्लिकवर भरपूर वाजवलंय, साबण विकायचा असतो तेव्हा ठीक आहे.

मी म्हटलं, "आमचं संगीत असं चालत नाही."

"सर, बी प्रॅक्टिकल. ड्रमरचं काम टाइमकीपिंगच आहे ना?"

"आणि हॉटेलवाल्याचं काम दार उघडायचं," मी म्हटलं. "तुमची दारं तर आपोआप उघडतात. मग तुम्ही कशाला येता?"

त्याला काही फरक पडला नाही. पण घोळ पुढेच झाला. सॅम खूश! "होऊ दे ना, मिल्या," तो म्हणाला. "व्हायोलिनं कधी मिळणार रे आपल्याला या जन्मात?" त्याचा चेहरा बघून मी मान डोलावली. 'सॅम, ट्रॅक तुझ्यासाठी थांबणार नाही' एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर कुणीतरी आजवर थांबत होतं हेही सांगावं लागलं असतं.

त्या रविवारी पहिली दोन गाणी कशीबशी निभावली. तिसरा एक हळू ब्लूज होता, सॅमचा आवडता. त्यात तो पळाला. माझ्या कानात टक टक चाललेलं आणि समोर सॅम त्याच्या पुढे निघून गेलेला. मी विचारबिचार काही केला नाही. डाव्या हाताने कानातलं उपटलं आणि सॅमबरोबर गेलो. ओंकारही आला. आता आम्ही तिघे एकत्र आणि व्हायोलिनं मागे. ट्रम्पेट तर असे भलत्याच ठिकाणी येऊन आदळले की जवळच्या टेबलावरच्या बाईंनी सूपचा चमचा खाली ठेवला.

सॅम थांबला. "मिल्या, हे व्हायोलिनवाले चुकतायत."

"हो ना," मी म्हटलं. "मशीन बिघडलेलं दिसतंय."

मॅनेजर धावत आला. "सर, मशीन परफेक्ट आहे. तुम्ही क्लिक फॉलो करा ना, प्लीज!"

सॅमने माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावर लोंबणारी वायर पाहिली. तो काही गाढव नव्हता. साउंडवाल्याला म्हणाला, "ते परत लाव. मी एकटा वाजवतो."

"सॅम, लोकांची जेवणं चाललीत. सोड."

"लाव रे."

एकटा वाजवायला लागला. सुरुवातीला बरोबर होता. मग पुढे गेला, त्याला ते ऐकू आलं, मागे आला, पुन्हा निसटला. वळणावर हात अडकला आणि व्हायोलिनं त्याला तिथेच सोडून पुढे गेली. त्याने हात मांडीवर ठेवले आणि ट्रॅक संपेपर्यंत नुसता ऐकत बसला. पोरं केकभोवती पळत होती. मला त्या क्षणी ते अख्खं हॉटेल पेटवून द्यावंसं वाटलं.

माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "किती दिवस, मिल्या?"

मी काड्या पिशवीत भरायला लागलो.

"ओंकार, तू सांग."

ओंकार रडायच्या बेतात. "बरेच, काका."

सॅमने पियानोचं झाकण आवाज न करता लावलं आणि उठला.

पार्किंगमध्ये मात्र माझ्यावर तुटून पडला. "लाज नाही वाटली? मला शेंबडं पोर समजलास? दोघं मिळून माझी कीव करत होतात?"

"कीव कसली? साथ करत होतो! तेच काम आहे माझं!"

"साथ सांगून करतात. हे असं लपूनछपून करतात त्याला फसवणं म्हणतात."

"सांगितलं असतं तर एक तरी रविवार वाजवला असतास का?"

"ते मी ठरवलं असतं ना! माझे हात, माझा पियानो. तू कोण ठरवणार?"

मीही गप्प बसणारा नाही. उपकाराची जाण नाही, अहंकारी आहेस, म्हातारचळ लागलाय, जे तोंडाला आलं ते बोललो. वॉचमन मध्ये पडला म्हणून बरं. सॅम रिक्षात बसून गेला. मी आत जाऊन ते बोंडूक मॅनेजरच्या हातात ठेवलं, म्हटलं, "घाला तुमच्याच कानात, तेवढंच डोकं भरेल," आणि ड्रमसेट उचलून निघालो. पुढच्या रविवारपासून तिथे नुसता ट्रॅक वाजायला लागला म्हणे. कुणी तक्रार केली नाही. त्याचाही मला राग आहे.

त्यानंतर सॅम फोन घेईना. घरी गेलो तर वहिनी दारातच म्हणाल्या, "नको भावजी, आत्ता नको. परवा गोळ्या खिडकीतून फेकल्या." आतून सॅमच्या खोकण्याचा आवाज येत होता. म्हणजे जागा होता, ऐकत होता. मी जिना उतरलो आणि खाली येऊन माझ्याच स्कूटरला लाथ घातली.

संपादिकाबाई, इथे पश्चात्तापाचा परिच्छेद यायला हवा, मला कळतं. तो येणार नाही. आपण चुकलो असं मला आजही वाटत नाही. पाय ऐकून ठेका धरायला मला शिकवलं होतं, मी धरला. माझा राग मॅनेजरवर आहे, त्या रोगावर आहे, आणि सगळ्यात जास्त सॅमवर आहे. मी दिलेले रविवार त्याने माझ्या तोंडावर परत फेकले.

मग मी धायरीच्या क्लासमध्ये स्वतःला गाडून घेतलं. आजही तेच करतो. नव्या मुलांना मी आधी उशी देतो, हवालदारांची पद्धत. पालक हादरतात. "सर, पिलो तर घरी पण आहे!" असेल ना, पण घरी तिच्यावर झोपता. कुणाला दिवाळीच्या आत गाणं वाजवता यायला हवं असतं, कुणाला परीक्षेचं सर्टिफिकेट. एक आई म्हणाली, "याला ड्रमने कॉन्सन्ट्रेशन येईल ना? दहावी आहे." मी म्हटलं, "बाई, मला अजून आलेलं नाही." मुलं मात्र गुणी असतात. कधी कधी दोघांची जोडी लावतो, एकाने चालायचं आणि दुसऱ्याने डोळे मिटून त्याच्या पावलांवर वाजवायचं. चालणारा मुद्दाम अडखळतो, पळतो, वाजवणारा हसत हसत त्याला पकडतो. ते बघता बघता मी विनाकारण कुणावर तरी ओरडायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मुलं गेली होती, मी झांजा पुसत होतो. दारात रिक्षा थांबली. वहिनींनी हात धरून सॅमला उतरवलं. वाळला होता. पाय जमिनीवर घासत चालत होता. दारात उभा राहून त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि कीबोर्डवर थांबवली.

"हे काय खेळणं ठेवलंयस?"

"पियानो ठेवायला जागा नाही. क्लास आहे हा, दिवाणखाना नाही."

"आणि या उशा? झोपवतोस मुलांना?"

"तू भांडायला आलायस का?"

"नाही. वाजवायला."

वहिनी भिंतीपाशी खुर्ची ओढून बसल्या. सॅम कीबोर्डवर बसला. माझा हात सवयीने ब्रशकडे गेला.

"ब्रश नाही," तो म्हणाला. "काड्या घे. तोच ब्लूज. आणि नीट ऐक, मिल्या. माझ्यामागे यायचं नाही. सरळ चालायचं. मी पडलो तर पडलो. कुठे पडतो ते मला ऐकायचंय."

"हे असलं मला जमणार नाही."

"का? टाइमकीपिंगच आहे ना?"

असा संताप आला! पण काड्या घेतल्या, चार मोजले आणि सरळ चाललो. आयुष्यात इतकं अवघड काही वाजवलेलं नाही. तो पळाला, माझा हात त्याच्याकडे ओढ घ्यायला लागला, मी दात खाऊन धरून ठेवला. तो अडकला, मी थांबलो नाही. त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली, लय शोधली, पकडली, पुन्हा सोडली. वहिनी जमिनीकडे बघत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. गाणं संपलं तेव्हा तो एकीकडे होता आणि मी दुसरीकडे.

त्याने हात मांडीवर ठेवला. रिकामा झाल्याबरोबर तो थरथरायला लागला. सॅमने त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या हाताने दाबून धरायचा प्रयत्न केला नाही.

"दोनदा पळालो," तो म्हणाला. "आणि वळणावर अडकलो."

"तीनदा," मी म्हटलं. "तीनदा पळालास. शेवटी पण."

त्याने असं काही रोखून पाहिलं की मला वाटलं, आता हा उठून जाणार. वहिनींनी पर्स हातात घेतलीसुद्धा.

"हं," सॅम म्हणाला. "तीनदा. शेवटचं मला कळलं नाही." मग त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि बोटं पट्ट्यांवर ठेवली. "परत मोज. पण जरा सावकाश."

मी काडीवर काडी मारून मोजायला लागलो.

"अजून सावकाश," सॅम म्हणाला.

मी अजून सावकाश मोजलं.